गाठ, फुगा आणि पीळ



साहित्याच्या प्राध्यापकाने शस्त्रक्रियेवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण ज्या शब्दांवर विसंबून आई आपली तान्ही मुलगी डॉक्टरांच्या स्वाधीन करते, ते शब्द आपल्याच क्षेत्रातले आहेत.

आईच्या संप्रेरकांमुळे गर्भातल्या मुलीच्या अंडाशयावर कधी कधी द्रवाने भरलेली पोकळी तयार होते. सोनोग्राफीत ती जन्माआधीच दिसू शकते. घरच्यांना सांगताना आपण सहज ‘गाठ’ म्हणतो. गाठ म्हटले की कर्करोगाची धास्ती. या वयात तर तो अतिशय दुर्मीळ. ‘पाण्याची पिशवी’ म्हणावे, तर बाळंतिणीला गर्भजल आठवते. मला ‘पाण्याचा फुगा’ बरा वाटतो. पुढची हकिगतही त्यात सामावते: जन्मानंतर आईच्या संप्रेरकांचा प्रभाव ओसरतो आणि बहुतेक लहान फुगे काही महिन्यांत आपोआप विरतात. तोवर ठरावीक अंतराने सोनोग्राफी केली की पुरते.

फुगा साधारण 4-5 सेंटिमीटरांहून मोठा असेल, तर मात्र अंडाशयाला पीळ पडण्याची भीती अधिक. ‘पीळ’ या शब्दाला तळटीप लागत नाही. दोरी वळणाऱ्या हातांना तो ठाऊक आहे. पिळामुळे रक्तपुरवठा थांबून अंडाशय निकामी होऊ शकते. अशा वेळी बेंबीजवळच्या लहानशा छेदातून काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालतात, द्रव काढतात, फुग्याचे आवरण सोडवतात आणि अंडाशयाचा निरोगी भाग शक्य तितका राखतात. मुलगी आयुष्यभराची बीजांडे जन्मतःच घेऊन येते. म्हणून हे राखणे मोलाचे.

‘दुर्बीण’ मूळची फारसी, दूरचे पाहणारी. मराठीने तिला देहाच्या आतले पाहायला लावले आणि तो शब्द खेड्यापाड्यांत रुजला. भाषेला हे जमते.

आपल्या सिल्वासात विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलच्या दारी वारली, कोकणा, धोडिया, गुजराती, मराठी, हिंदी बोलणाऱ्या आया येतात. ‘फुगा काढायचा’ आणि ‘अंडाशय काढायचे’ यांतला फरक न कळता उठवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांना विनंती: फुगा, पीळ, अंडाशय यांना तुमच्या बोलीत काय म्हणतात, ते घरातल्या आजीला, पाड्यावरच्या सुईणीला विचारून लिहून आणा. ती यादी आपण परिचारिकांच्या हाती देऊ.