विमानात बसण्याआधीचं इंग्रजी



पुण्यातल्या कात्रजहून बाह्यवळणाने रोज हिंजवडी गाठणाऱ्या एखाद्या घरात ऑनसाइटची बातमी येते. व्हिसाची कागदपत्रं निघतात, आजी मेतकूट आणि भाजणी बांधायला घेते, आणि त्याच संध्याकाळपासून घरातल्या साडेतीन वर्षांच्या पोरामागे इंग्रजी लागतं. काल ‘पाणी पी रे राजा’ म्हणणारी आई आज ‘ड्रिंक वॉटर’ म्हणू लागते. बाबा बोट दाखवून चमच्याला स्पून म्हणायला लावतात. आजोबा बिचारे गप्पच बसतात, आपलं काही चुकायला नको म्हणून. तिकडच्या शाळेत पोराचं अडू नये ही तळमळ खरी आहे, पण उपाय उलटा आहे. घरात मराठीच बोला. एवढंच सांगायचं आहे, आणि तेच पुन्हा पुन्हा सांगितलं जाईल, तेवढं सांभाळून घ्या.

आई-बाबांचं इंग्रजी बहुधा मीटिंगमधलं असतं. त्यात डेडलाइन येते, एस्कलेशन येतं. पण धडपडलेल्याला कुशीत घेऊन समजावणं, रुसलेल्याची मनधरणी करणं, झोपताना मनानेच गोष्ट रचून सांगणं, इथे ते इंग्रजी थिटं पडतं. मग घरातलं बोलणं हुकमांवर येतं. कम, सिट, ईट, डोन्ट! हुकमांतून भाषा येत नाही. ती येते गप्पांतून, दहाव्यांदा विचारलेल्या ‘का?’ला मिळालेल्या लांबलचक उत्तरातून. आधी-नंतर, कमी-जास्त, खरं-खोटं हे ज्या मुलाला मराठीत पक्कं कळलं, त्याला इंग्रजीत फक्त नवी नावं शिकायची उरतात.

कात्रज डेअरीच्या शेजाऱ्यांना दूध-दही काय शिकवायचं! तरी बघा, मराठी हे दूध आणि इंग्रजी हे विरजण. चमचाभर पुरतं. वाटीभर ओतलं की दही आंबट होतं, आणि दूधच पातळ असेल तर विरजणाने तरी काय करावं? थंड मुलखात दही लागायला वेळ लागतो. तिकडच्या कितीतरी मराठी घरांत रात्री पातेलं ओव्हनमध्ये ठेवतात, नुसता आतला दिवा लावून. मुलाचंही तसंच असतं. नव्या वर्गात काही आठवडे, कधी काही महिने ते चकार शब्द काढत नाही. अनुभवी शिक्षकांना हा गप्पपणा ओळखीचा असतो, कारण त्या काळात मूल ऐकत असतं, आतल्या आत लागत असतं. आई-बाबा मात्र दर तासाला झाकण उघडून बघतात, आणि वर चमचा घालून ढवळतात. अहो, ढवळलेलं दही कधी लागलंय का?

आता एक कामाची गोष्ट. अमेरिकेत सरकारी शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, हे विचारणारा एक अर्ज भरून घेतात. आपलं पोर मागे समजलं जाईल या भीतीने काही पालक तिथे ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. खरं तर शाळेने इंग्रजी शिकायला मदत करावी यासाठीच सान फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचे पालक थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. लाऊ विरुद्ध निकोल्स, १९७४. इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला सगळ्यांसारखंच पुस्तक आणि सगळ्यांसारखाच वर्ग दिला म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, असा तो निकाल. म्हणून अर्जातल्या त्या रकान्यात ‘मराठी’ लिहिलं तर शाळा मुलाचं इंग्रजी तपासते आणि लागली तर जादा शिकवणी देते. तीही फुकट. मग खोटं लिहून ती का गमवायची?

बरं, सगळे काही अमेरिकेला जात नाहीत. जर्मनीला निघालेल्या पोराला इथे इंग्रजी बडबडगीतं घोकायला लावतात. तिथल्या बालवाडीत कानावर पडणार जर्मन, आणि बहुतेक राज्यांत सरकारी शाळेतलं इंग्रजी सुरू होणार तिसरीला. जपानमध्येही तिसरीपासूनच तोंडओळख, आणि २०२० पासून पाचवीत तो रीतसर विषय. म्हणजे घरी मराठी नाही, बाहेर इंग्रजी नाही, आणि पोर मधल्या मधे!

परदेशात मूल आपल्या माणसांपासून तुटेल, ही काळजी आजची नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांची लेक मनोरमा दोन वर्षांची होती. वाँटेजच्या मठात, सिस्टरांच्या सहवासात ती इंग्रजीत वाढू लागली. रमाबाई स्वतः तेव्हा इंग्रजी शिकत होत्या, चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होत्या. इंग्रजीशी त्यांचं वैर मुळीच नव्हतं. पण मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात एक धास्ती स्पष्ट दिसते, की लेकीला आपल्या माणसांची लाज वाटता कामा नये. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती पत्रं १९७७ साली छापली आहेत. जमलं तर मिळवून वाचा.

काही श्रोते म्हणतील, महाराष्ट्र सरकारनेच पहिलीपासून इंग्रजी आणलं ना? आणलं, २००० साली. पण मराठी शाळेत, मराठीच्या जोडीला. मराठी काढून नव्हे.

आणि गंमत पाहा. १९८१ साली स्थापन झालेल्या, उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा सुटीच्या दिवशी भरतात. तिथे आई-बाबा स्वयंसेवक म्हणून आपल्याच मुलांना ‘अ आ इ’ गिरवायला लावतात. या शाळांना शैक्षणिक साथ कुणाची? कात्रजला खेटून असलेल्या भारती विद्यापीठाची. म्हणजे इथून निघताना जी भाषा घराबाहेर काढली, तीच तिकडे वर्गात बसून शिकायची, आणि मदत पुन्हा कात्रजच्या वेशीवरूनच मागायची!

आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलबद्दल बोलायचं होतं. तिकडे मूल उठतं तेव्हा इकडे जेवणवेळ, मग बोलणं होतं ते हाय-बायपुरतं, आणि त्यावर काही घरांनी काढलेला तोडगा... पण वेळ संपल्याची खूण झाली. तोडगा पुढच्या वेळी. तोवर ज्यांचा व्हिसा आला आहे, त्यांनी आज रात्रीची गोष्ट मराठीतच सांगावी.