दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं तर बिघडतं कुठं?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याजाचा हिशेब संपला की मग मनातलं निघतं. तसंच निघालेलं एक दुखणं आज आम्ही सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंना बाळंतपणानंतर काही सुधरत नव्हतं. अंगात त्राण नाही, सारखी झोप, मधूनच रडू. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत ‘डिप्रेशन’ सांगून गोळ्या दिल्या. चार महिने झाले, फरक नाही. घरात ‘वेडी’ हा शब्द सुरू झाला, बाळाला ठेवून हिला माहेरी धाडायची भाषा निघाली.

आम्ही ताईंजवळ बसून नीट विचारलं. थंडी सोसत नाही, केस गळतात, वजन वाढलंय, पोट साफ होत नाही. यातलं काहीच डॉक्टरांपर्यंत गेलं नव्हतं. तिथं सगळं सासूबाईच बोलल्या होत्या. आम्ही ते वहीत लिहिलं आणि ताईंबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं. औषध बदललं आणि हळूहळू ताई पुन्हा गटाच्या कामाला लागल्या.

याचा अर्थ डिप्रेशन खोटं असतं, असा काढू नका. तो खरा आजार आहे आणि उपचारानं बराही होतो. पण थायरॉईड, रक्त किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस असंच मलूल दिसतं. काही जणींना कधी उदासी, तर कधी झोपेवाचून भलताच उत्साह येतो. उत्साहाचे दिवस सांगितलेच नाहीत, तर डॉक्टरांना अर्धाच आजार दिसतो आणि औषध चुकू शकतं.

म्हणून शंका आली तर एवढं करा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका, त्यानं त्रास वाढू शकतो. केसपेपर, चिठ्ठ्या, रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. झोप, भूक, पाळी, त्रास कधीपासून, हे वहीत लिहा. डॉक्टरांना विचारा: हा आजार कशावरून ठरवला? रक्त तपासायला हवं का? फरक कधी दिसेल? आणि बाईला स्वतःच्या तोंडानं बोलू द्या.

दुसरे डॉक्टरही तेच म्हणाले, तर फेरा वाया गेला असं समजू नका. मनातली शंका जाते आणि औषध नेमानं घेतलं जातं.

कुठं जायचं कळत नसेल तर आशाताईंना विचारा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या नंबरावर फोन करा. फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येतं. कुणी जीव देण्याची भाषा केली, तर तिला एकटी सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

साडी घेताना आपण चार दुकानं फिरतो. मग जिवाच्या दुखण्याला दुसरा दवाखाना बघितला, तर त्यात कुणाचा अपमान नाही. पुढच्या बैठकीत, हिशेब झाल्यावर, हा विषय जरूर काढा.