एथेल केनेडी : एका मातेचे चरित्र
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



या व्यासपीठावरून आपल्याच कुळांतील थोर स्त्रियांची चरित्रे सांगण्याचा प्रघात आहे. आज आम्ही सातासमुद्रांपलीकडील एका मातेचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत. त्याचे प्रयोजन अखेरीस निवेदन करू.

एथेल स्केकेल यांचा जन्म ११ एप्रिल १९२८ रोजी शिकागो येथे एका धनाढ्य कुटुंबात झाला. महाविद्यालयातील मैत्रीण जीन केनेडी हिच्या भावाशी, रॉबर्टशी, त्यांचा १९५० साली विवाह झाला. थोरले दीर जॉन केनेडी १९६१ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि पतीने अॅटर्नी जनरलचे पद भूषविले. सत्ता, संपत्ती, भरलेले घर. काय उणे होते?

परंतु दुर्दैव पाठीशी लागलेलेच होते. १९५५ साली विमान-अपघातात आईवडील एकदमच गेले. १९६३ साली दिराची हत्या झाली. ५ जून १९६८ रोजी लॉस एंजेलिस येथे पतीवर गोळ्या झाडण्यात आल्या व दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. त्या वेळी एथेलबाईंचे वय अवघे चाळीस. पदरी दहा मुले आणि अकरावे उदरात. पुढे दोन पुत्रांचा अकाली मृत्यूही त्यांस पाहावा लागला.

अशा आघाताने कोणीही अंतःपुराचे दार लावून घेतले असते. एथेलबाईंनी त्याच वर्षी पतीच्या नावे स्मारक-संस्था उभी केली. हे स्मारक केवळ दगडाचे नव्हते. जगभर मानवी हक्कांसाठी झटणाऱ्यांना ही संस्था १९८४ पासून पुरस्कार देत आली आहे. १९७० च्या डिसेंबरात शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ कॅलिफोर्नियात तुरुंगात होते. बाहेर विरोधकांचा जमाव खवळलेला असताना एथेलबाई त्यांच्या भेटीस गेल्या.

त्या देवता नव्हत्या. पतीच्या मारेकऱ्यास मुक्त करण्याची शिफारस २०२१ साली झाली, तेव्हा त्यांनी विरोध केला. त्यांच्या दोन पुत्रांचे मत मात्र निराळे होते. माणसाच्या करुणेलाही मर्यादा असतात, हे ध्यानी घेऊनच त्यांचे कार्य मोजावे. २०१४ साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्यांस स्वातंत्र्यपदक अर्पण केले. १० ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या.

आता आमचे प्रयोजन. आपल्या संस्थेतही दिवंगतांच्या नावे निधी आहेत. कोणाचा पुत्र गेला, कोणाचा पती गेला, आणि त्या अश्रूंतून शिष्यवृत्त्या निर्माण झाल्या. हे भूषणावह आहे खचित. तथापि प्रत्येक निधीच्या नियमावलीत ‘ज्ञातीतील विद्यार्थ्यास’ हे शब्द आहेत. एथेलबाईंचे दुःख ज्या शेतमजुरांच्या कामी आले, ते त्यांच्या कुळाचे नव्हते, वंशाचेही नव्हते.

उद्याच्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत: निदान एक शिष्यवृत्ती ऊसतोड मजुराच्या मुलास, त्याची जात न विचारता, द्यावी. काही वडीलधाऱ्यांस हे रुचणार नाही, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनी आमच्यावर रागवावे. पण मत देण्यापूर्वी स्वतःच्या घरातील गेलेल्या माणसाचे क्षणभर स्मरण करावे, एवढीच प्रार्थना.