दोन जिवांचं ताट



आज दोघींना डोळ्यांसमोर आणा. दोघींना आठवा महिना लागलाय. दोघींची उंची पाच फूट. दिवस राहण्याआधी एकीचं वजन होतं ४२ किलो, दुसरीचं ६६. आज काट्यावर दोघींचंही वजन आठ-आठ किलोंनी वाढलेलं दिसतं. पहिलीच्या घरचे खूश आहेत, पोट छान दिसतंय म्हणून. दुसरी धास्तावलीय: आधीच जाड, त्यात आणखी आठ किलो! खरं तर दुसरीचं ठीक चाललंय, आणि काळजी करायला हवी ती पहिलीची.

गरोदरपणात वजन किती वाढावं, हे सुरुवात कुठून झाली त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने २००९ साली दिलेली मापं आजही बरेच डॉक्टर वापरतात. उंचीच्या मानाने वजन कमी असलेल्या बाईचं साडेबारा ते अठरा किलो वाढावं, बेताच्या वजनाच्या बाईचं साडेअकरा ते सोळा, वजन जास्त असेल तर सात ते साडेअकरा, आणि फारच जास्त असेल तर पाच ते नऊ. म्हणून तिसरा महिना संपायच्या आत काट्यावर उभं राहा आणि तो आकडा कार्डावर लिहून घ्या. पहिला आकडा नसेल तर पुढच्या आकड्यांना अर्थ राहत नाही.

हे वजन जातं कुठे? बाळ तीन किलोंच्या आसपास. वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल पाऊण ते एक, गर्भाशय किलोभर. आईचं रक्त वाढतं, त्याचा सव्वा-दीड किलो. उरलेलं असतं अंगातलं पाणी आणि थोडी चरबी. ती चरबी म्हणजे अंगावर पाजायच्या दिवसांची शिदोरी.

आता आपल्या लाडक्या वाक्याकडे येऊ. ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा.’ माया खरी, हिशेब चुकीचा. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि कपभर दूध. दोन डिंकाचे लाडू खाल्ले तरी कॅलरींचा हिशेब पुरा होतो, पण उसळीतली प्रथिनं आणि दुधातलं कॅल्शियम राहूनच जातं.

ताटात काय आहे, याला किती महत्त्व आहे ते आपल्याच मातीत दिसलंय. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांची पाहणी केली. दिवस राहण्याआधीचं त्यांचं सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास, म्हणजे आपल्या पहिलीएवढंच. बाळाच्या वजनाचा संबंध एकूण कॅलरींपेक्षा दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळांशी जास्त दिसला. मेथी, चाकवत, शेवग्याचा पाला, पेरू: यातलं काहीच महागड्या दुकानातून आणायचं नाही.

मग या दोघींना सांगायचं काय? पहिलीला नुसतं ‘जास्त खा’ म्हणून भागत नाही. आधी तिला विचारायचं, तू जेवतेस कधी? सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं खाणारीच्या ताटात पालेभाजी पोचतच नाही. दिवसभर खुरपणी आणि डोक्यावर हंडा, अशा बाईला व्यायाम सांगणं म्हणजे थट्टा. तिला दुपारचा विसावा हवा आणि पहिल्या पंगतीत जागा हवी.

दुसरीला सांगायचं, घाबरून जेवण तोडू नकोस. वजन उतरवायची ही वेळ नाही. साबुदाण्याचे उपवास आणि चहाबरोबरची बिस्किटं तेवढी सोड. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास चाल. अर्धा तास एका दमात जमत नसेल तर प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं. वेग किती? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. चक्कर, छातीत दुखणं, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं किंवा कळा, यातलं काही झालं की थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. साखरेची तपासणी मात्र दोघींनीही करायची. मधुमेह बारीक बाईलाही होतो.

बदल एका वेळी एकच करा. या आठवड्यात लोहाच्या गोळीपासून चहा लांब ठेवायचा, पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणात एक वाटी डाळ वाढवायची. दर तपासणीला वजन लिहायचं. एकाच आठवड्यात किलोपेक्षा जास्त वाढलं, तोंड-हात सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते खाण्याचं वजन समजू नका. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि हे सगळं एकट्या सुनेला सांगून उपयोग नाही. वाढणारा हात सासूबाईंचा असतो. त्यांनाही शेजारी बसवून सांगावं लागतं. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग डोहाळजेवण करायचं की नाही?’

करा की. हौसेनं करा, चांदण्यातलं करा, नाहीतर झोपाळ्यावरचं करा. फक्त डोहाळजेवण एका दिवसाचं असतं आणि पोटातलं बाळ रोज जेवतं, एवढं ध्यानात असू द्या.