पूर्वग्रहाचा ठसा आणि कामगारांची एकजूट

(बंगळूर येथे पक्षाच्या मराठी भाषिक सभासदांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बंगळूरच्या पूर्व भागात बेळ्ळंदूरनजीक करियम्मन अग्रहार नावाची वस्ती आहे. जानेवारी २०२० मध्ये तेथील पत्र्याच्या व ताडपत्रीच्या झोपड्या पोलीस बंदोबस्तात जमीनदोस्त करण्यात आल्या. तेथे बांगलादेशी घुसखोर राहतात असा प्रचार आधीच सुरू झाला होता. पोलिसांनी जागामालकाला दिलेल्या नोटिशीतही तोच ठपका होता. प्रत्यक्षात ढिगाऱ्यातून भांडीकुंडी वेचणाऱ्या माणसांपाशी मतदार ओळखपत्रे निघाली, आधार कार्डे निघाली. कोणी आसामचे होते, कोणी त्रिपुराचे, आणि कितीतरी जण उत्तर कर्नाटकातले, ज्यांची मातृभाषाच कन्नड. स्वतःच्याच राज्याच्या राजधानीत ते परदेशी ठरले होते.

त्यांना विचारण्याची कोणाला गरज भासली नव्हती, कारण उत्तर आधीच तयार होते. ताडपत्रीचे छप्पर आणि अंगमेहनतीचे काम एवढ्यावरून माणसाचा देश ठरला.

जुन्या छापखान्यात काम केलेल्या सभासदांना ‘स्टिरिओ’ ही चीज ठाऊक असेल. खिळे जुळवून तयार झालेल्या पानाचा साचा घेत, त्यात शिशाचा रस ओतीत आणि त्या अखंड ठशावरून हजारो प्रती काढीत. खिळे पुन्हा जुळवण्याचे श्रम वाचत. मात्र एखादे अक्षर चुकले असेल तर ते प्रत्येक प्रतीत चुकलेलेच उमटे. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली आपल्या ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात माणसांविषयीच्या तयार कल्पनांना छापखान्यातला हाच शब्द लावला. अशा कल्पनांमुळे विचार करण्याचे श्रम वाचतात, असे त्याने म्हटले. त्यांच्यामुळे समाजातील स्वतःच्या स्थानाचे रक्षण होते, असेही म्हटले. मार्क्सवाद्याला या दुसऱ्या गोष्टीपासूनच सुरुवात करावी लागते.

बेळ्ळंदूर व मराठहळ्ळीच्या परिसरात संगणक कंपन्यांची संकुले आणि उंच इमारती उभ्या आहेत. तेथील फरशा पुसणारे आणि फाटकावर रात्र काढणारे हात अशाच वस्त्यांतून येतात. ते हात हवे असतात. त्या माणसांना पाणी, भाडेकरार आणि पत्ता मिळावा हे मात्र नको असते. रहिवाशाला हटवायचे तर नोटीस द्यावी लागते, पुनर्वसनाचा प्रश्न निघतो. ‘घुसखोर’ म्हटले की ही सगळी कटकट मिटते. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या पीयूसीएलच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयाने २२ जानेवारीला पाडकामास स्थगिती दिली आणि पुढे पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली. (त्यांच्यापैकी कोणी खरोखरच बांगलादेशी असता, तर विनाचौकशी त्याचे छप्पर काढणे न्याय्य ठरले असते काय, हा प्रश्न उरतोच.)

मराठी सभासदाला हा ठसा नवा वाटू नये. मुंबईत घाटावरून आलेल्या हमालाला आणि गिरणी कामगाराला ‘घाटी’ म्हणून हिणवले जाई. त्याच मुंबईत १९६६ च्या आगेमागे ‘मार्मिक’ने दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या आणि ‘लुंगीवाला’ हा ठसा तयार झाला. मार पडला तो तुटपुंज्या पगारावरच्या टंकलेखकाला आणि उडुपी हॉटेलातल्या पोऱ्याला. हिणवला गेलेला कामगारही या हाकेला बळी पडला, हे लालबाग-परळने पाहिले. तेथील कम्युनिस्ट आमदार कॉ. कृष्णा देसाई यांचा ५ जून १९७० रोजी खून झाला, आणि नंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा शिवसेनेच्या उमेदवाराने पराभव केला.

परंतु परक्यांचे पूर्वग्रह मोजणे सोपे असते. कामगार चळवळीच्या स्वतःच्या मनातही एक ठसा होता, आणि तो बंगळुरातच उघडा पडला. ‘कामगार’ म्हणताच येथे १९८०-८१ च्या ७७ दिवसांच्या संपातला माणूस डोळ्यांसमोर उभा राही: एचएएल, एचएमटी, बीईएलसारख्या सार्वजनिक उद्योगातला, कायम नोकरीचा, पुरुष. तयार कपड्यांच्या कारखान्यांत शिलाई यंत्रांवर बसणाऱ्या लाखो स्त्रिया त्या चित्रात नव्हत्या. त्या बुजऱ्या, घरसंसारात अडकलेल्या, सभेला न येणाऱ्या, असे कार्यकर्तेच एकमेकांना सांगत. सभा संध्याकाळी सातला, घरी चूल पेटवायच्या वेळेला ठेवायची आणि बायका येत नाहीत म्हणायचे, ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने भविष्य निर्वाह निधीचा नियम बदलला. नोकरी सोडल्यावर मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नव्हता. ज्या कामात पाठ आणि डोळे काही वर्षांतच जातात, तेथे हीच एक रक्कम एकगठ्ठा हाती येई: मुलांच्या फीसाठी, सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी. १८ एप्रिलला बोम्मनहळ्ळीच्या कारखान्यांतून स्त्रिया बाहेर पडल्या आणि होसूर रस्ता बंद पडला. दुसऱ्या दिवशी लोण पीण्या, जालहळ्ळीपर्यंत पसरले. लाठ्या चालल्या, अश्रुधूर सुटला, अटका झाल्या. या उठावाची हाक कोणत्याही मध्यवर्ती कामगार संघटनेने दिलेली नव्हती. पुढारी पोहोचले तेव्हा रस्ता आधीच अडलेला होता.

१९ एप्रिललाच केंद्र शासनाने तो नियम मागे घेतला, आणि बुजऱ्या म्हणवल्या गेलेल्या त्या स्त्रियांच्या लढ्याचा लाभ देशभरातील भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सभासदाला मिळाला. त्यात एचएएल-बीईएलमधल्यासारखे कायम कामगारही होते.