आधी बाण की आधी मंत्र?

फासे, कागद आणि पेन्सिल घेऊन टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाची ही गोष्ट. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. उरलेलं सगळं जग सूत्रधार चालवतो आणि न्यायनिवाडाही तोच करतो. आमच्या टेबलावर हे काम माझ्याकडे असतं.

लढाई जुंपली की वीस बाजूंचा फासा टाकून क्रम ठरतो. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक फेरी म्हणजे कथेतले जेमतेम ६ सेकंद. गंमत अशी, की कथेत सगळे एकाच वेळी लढत असतात. टेबलावर मात्र एकामागून एक. वाद होतात ते इथेच.

समजा, तिरंदाज म्हणाली, "समोरच्या मांत्रिकानं मंत्र टाकला, की मी बाण सोडीन." आपल्या पाळीतली कृती तिनं राखून ठेवली. आता आधी काय? २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत बाण आधी. तो लागला, तर मांत्रिकाची एकाग्रता भंगून मंत्र वाया जाऊ शकतो. २०१४ च्या नियमात मात्र निमित्त पुरं घडल्यावरच बाण सुटतो; २०२४ च्या पुस्तकातही तसंच आहे. म्हणजे आगीचा लोळ आधी येणार. त्यातून तिरंदाज वाचली, तर बाण!

पण हेही सरसकट नाही. शत्रू आपल्या टप्प्यातून निसटू लागला, तर मिळणारा वार तो बाहेर पडण्याच्या ऐन आधी होतो. 'शील्ड' हा मंत्र तर वार लागल्यावर म्हणायचा आणि तोच वार परतवता येतो. खास नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो, हे इथलं सूत्र. म्हणून प्रत्येक नियमाचा शब्दन् शब्द वाचावा लागतो.

एखाद्या मुलीनं वर्षभर जपलेलं पात्र अशा एका निर्णयानं मरतं. तेव्हा तिचा चेहरा पाहून नियम वाकवण्याचा मोह होतो. मी दोन पथ्यं पाळतो. कृती राखताना निमित्त कोणतं, ते फासा पडण्याआधी स्पष्ट वदवून घेतो. आणि खेळाडूला लावलेला अर्थच माझ्या राक्षसांनाही लावतो. हरलेला गडी पुढच्या रविवारी पुन्हा खेळायला येतो, तो या भरवशावर.