पट्टा म्हातारीच्या नावावर आहे

(वनहक्क दावेदारांच्या तालुका बैठकीत एका कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलली तसंच ठेवलं आहे.)



आपल्या बैठकीत नेहमी दाव्यांचं बोलणं होतं. कोणाचा दावा पडून आहे, कोणाचं क्षेत्र कमी मोजलं, कोणाचं अपील अडकलं. आज मी म्हाताऱ्यांचं आणि अपंगांचं बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा काय जमिनीचा विषय आहे? आहे. ऐका.

दावे भरले ते दिवस आठवा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसतो, हे आपल्याला दाखवायचं होतं. फॉरेस्टवाले म्हणायचे, दंडाच्या पावत्या आणा. पावत्या कुणाकडं होत्या? पावसात भिजल्या, घुशींनी खाल्ल्या. पण नियम 13 मध्ये लिहिलंय की दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाब हासुद्धा पुरावा आहे. मग आपण म्हाताऱ्यांना हाताला धरून प्लॉटवर नेलं. हा बांध कोणी घातला, इथं नागली कोण लावायचा, उभं पीक कधी उपटलं, सगळं त्यांनी सांगितलं. खाली अंगठे दिले. त्यावर पट्टे आले.

आणि पट्टे आल्यावर आपण त्यांना विसरलो. मीसुद्धा विसरले. हे मी कबूल करते.

गेल्या पावसाळ्यात एका पाड्यावर गेले. गावाचं नाव सांगत नाही, कारण हे एका गावाचं नाही. तिथं एक म्हातारी आहे. नवरा वारला. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्यानं अंधुक दिसतं. पडवीत राहते, चूल वेगळी. मी विचारलं, आजी, पट्टा कुठाय? म्हणाली, "पट्टा आता पोराचा झाला, बाई. मी अंगठा दिलाय." कशावर दिला? तर स्टॅम्पपेपरवर. पोरानं सांगितलं होतं, रेशनचा कागद आहे.

आता नीट ऐका. वनहक्क कायद्याचं कलम 4, पोटकलम 4. पट्ट्याची जमीन वारसानं जाते. विकता येत नाही, कोणाच्या नावावर करून देता येत नाही. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो. नवरा वारला म्हणून बायकोचं नाव जात नाही. पोरांना वारसाहक्क आहे, पण जिवंत आईचं नाव काढून टाकायचा हक्क नाही. म्हणून त्या स्टॅम्पपेपरची किंमत शून्य. म्हातारीचा अंगठा घेतला काय, सही घेतली काय, पट्टा तिचाच.

दुसरा कायदा 2007 सालचा आहे, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा. पोरं सांभाळत नसतील तर आई-बाप प्रांताकडं अर्ज करू शकतात. आपल्या राज्यात प्रांत हेच त्याचं न्यायाधिकरण. वकील लावायची गरज नाही. म्हातारं माणूस जाऊ शकत नसेल तर त्यानं सांगितलेला दुसरा माणूस किंवा संघटना अर्ज देऊ शकते. पोरांना नोटीस गेल्यावर 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर आणखी 30 दिवस. महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहाचा आदेश होऊ शकतो. आपल्याकडं कोण 10,000 देणार? पण दोन वेळची भाकर, औषधपाणी, नीट छप्पर, एवढं तर मागता येतं.

मात्र पोराला राक्षस करू नका. तो सहा महिने वीटभट्टीवर असतो, उचल फेडता फेडता त्याचीच कंबर मोडते. म्हणून आधी ग्रामसभेत बसवा, बोला. ऐकलं नाही तर प्रांत आहेच.

तिसरी गोष्ट पैशांची. 65 वर्षं झाली की श्रावणबाळ योजना. 65 च्या आतले निराधार, विधवा, अपंग यांना संजय गांधी निराधार योजना. दोन्हीत कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत लागतं. अपंगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. 2023 पासून महिन्याला 1500 रुपये झाले, 2025 मध्ये अपंगांसाठी 2500 केले. ही कुणाची मेहेरबानी नाही. अर्ज तहसील कचेरीत द्यायचा. पोच घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. तोंडी "बसत नाही" म्हणाले तर लेखी मागा. सहा महिने उत्तर नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्यांना त्याची फी नाही.

चालू असलेली पेन्शन बंद का पडते? दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा राहतो म्हणून. माणूस पडवीत जिवंत बसलेला, पण घरातले भट्टीवर, कागद कोण नेणार? सरकारच्या कागदावर तो मेला.

आता अपंगांचं. कागदावर दिव्यांग लिहितात. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत. फक्त आंधळे, पांगळे नाहीत. मनाचा आजार आहे, मतिमंदत्व आहे, आणि सिकलसेलसुद्धा आहे. आपल्या किती पोरांना सांधे धरतात, रक्त चढवावं लागतं, आणि आपण म्हणतो हा आळशी आहे. सिकलसेलचा नुसता वाहक असेल तर दाखला नाही, आजार असेल तर तपासणीला न्या. डॉक्टर टक्के ठरवतात. योजनांसाठी बहुतेक ठिकाणी 40 टक्के लागतात. पण दाखल्यासाठी तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला खेपा घालाव्या लागतात. एकटं माणूस दोन खेपांत थकतं. पाच-सहा जण मिळून जीप करा, सोबत लिहिता-वाचता येणारा एक पोरगा द्या.

आणि वकिलाची भीती सोडा. 1987 च्या कायद्यानं आदिवासी माणसाला वकील फुकट मिळतो. बाईला मिळतो, अपंगालाही मिळतो. उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं साधा अर्ज द्यायचा. फोन करायचा तर 15100. म्हाताऱ्यांसाठी वेगळा नंबर आहे, 14567.

त्या म्हातारीचं काय झालं ते सांगते. ती म्हणाली, "मला कोर्ट नको, पोरावर केस नको. माझं नाव राहू दे आन भाकर मिळू दे." पाड्यावर बैठक झाली. पोरगा मान खाली घालून बसला होता. शेवटी त्यानं स्टॅम्पपेपर आणून सगळ्यांसमोर फाडला. चूल एक झाली. पेन्शनचा अर्ज दिलाय, पोच मिळाली, मंजुरी अजून नाही. डोळ्याची तपासणी व्हायची आहे. म्हणजे काम अर्धंच झालंय.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं पुढच्या बैठकीच्या आत तीन कामं करायची. एक, पाड्यातल्या म्हाताऱ्यांची, विधवांची, अपंगांची यादी करा. कोणाला काय मिळतं, काय बंद पडलंय ते लिहा. दोन, वनहक्क समितीनं सगळे पट्टे काढून बघा, बाईचं नाव आहे का. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्तीचा अर्ज द्या. तीन, ठराव करा की आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाचा अंगठा कोणत्याही कागदावर घ्यायचा तर आधी तो कागद चार माणसांत मोठ्यानं वाचला जाईल.

याद्या घेऊन या. मी विचारणार आहे.

जोहार! जिंदाबाद!